गऱ्हाणं लिहायचं तर शिफ्ट दाबावी लागते

मागच्या अंकात माझी कविता छापून आली. ती माझी नव्हती.

कविता मी लिहिली होती आईच्या गावावर. कऱ्हाडला एसटी बदलायची, पाटण खोऱ्यात उतरायचं आणि तिथून पुढे पाय. माझी आजी त्या डोंगरात जन्मली, त्या डोंगरात मेली. गावातली विहीर तिच्यासाठी नव्हती. म्हणून पाण्याला ती रोज दऱ्या उतरायची आणि हंडा घेऊन दऱ्या चढायची. ‘दऱ्या’ हा शब्द कवितेत सात वेळा होता. छापताना सातही वेळा त्याचा ‘दर्या’ झाला. जिने उभ्या जन्मात समुद्र बघितला नाही ती माझी म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन दर्या उतरायला लागली.

लोकांना कविता आवडली, ही त्यातली खरी चपराक. एक जण म्हणाला, गोदीतल्या पोराने दर्यावर लिहावं हे शोभतं. दुसरा कॉलेजात शिकवतो. त्याने समुद्र हे व्यवस्थेचं प्रतीक कसं, यावर पंधरा मिनिटं घेतली. मी गप्प. अरे बाबा, प्रतीक नाही ते, टायपिंग आहे.

पाळी संपवून, अंगावर धक्क्याची धूळ तशीच घेऊन मी डीटीपीवाल्याकडे गेलो. म्हटलं, भाऊ, हे काय केलंत? तो म्हणाला, “मी कशाला काय करू? तू मोबाइलवर लिहून पाठवलंस, मी कन्व्हर्टरमधून आमच्या फाँटात ओढून घेतलं. तो तुझा अर्धा र स्पेशल कॅरेक्टर असतो रे. उडाला असेल.”

स्पेशल कॅरेक्टर. दोस्तहो, हा शब्द मी घरी घेऊन आलो आणि त्याने मला तीन रात्री झोपू दिलं नाही.

आधी गोष्ट साधी करून सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती शाळेत कुणी सांगितली नाही. मलाही नाही. मी दहावी झालो, तेवढंच. मराठीत र ला य किंवा ह जोडायचा तर तो अर्धा र दोन तऱ्हेने लिहितात. एक रफार. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: आर्य, आचार्य. दुसरा डोक्यावर बसत नाही. तो पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला वाकडी आडवी रेघ होऊन चिकटतो: दऱ्या, वाऱ्या. युनिकोडच्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘आयलॅश’ आहे, म्हणजे पापणी. उच्चारही वेगळा. ‘दर्या’ म्हणताना द वर जोर पडतो, ‘दऱ्या’ म्हणताना पडत नाही. व्याकरणवाल्यांचं जुनं उदाहरण आहे: आचार्यांना म्हणजे गुरुजींना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. एका रेघेत माणूस पाटावरून उठून चुलीपुढे जातो.

आता वही काढा आणि यादी करा. मी केली. रफाराच्या बाजूला: आर्य, आचार्य, ऐश्वर्य, सौंदर्य, ब्रह्मचर्य. पापणीच्या बाजूला: शेतकऱ्यांना, कष्टकऱ्यांना, कामकऱ्यांना, गावकऱ्यांना. भाकऱ्या. नोकऱ्या. दोऱ्या. पायऱ्या. कोपऱ्यात. कचऱ्यात. अपुऱ्या. बिचाऱ्या. चऱ्हाट, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, गऱ्हाणं. पहिल्या यादीतली माणसं बसलेली आहेत, दुसऱ्या यादीतली राबतायत. आणि ‘खऱ्या’ हा शब्द कुठल्या यादीत येतो तेही बघून घ्या.

लगेच कुणी म्हणेल, याला सगळीकडे तेच दिसतं. थांबा. दर्या स्वतः फारसीतून आलेला शब्द आहे. गर्दी आणि वर्दी यांनाही रफारच आहे. की-बोर्ड बनवणाऱ्याने आपल्याविरुद्ध कट केला असं मी म्हणत नाही. कारण भाषेतलं आहे. संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द रफार घेऊन आले. आणि बोलणाऱ्या माणसाने ‘शेतकरी’ला ‘ना’ लावताना तोंडातल्या तोंडात ‘शेतकऱ्यांना’ केलं. पापणीचा र हा बोलत्या तोंडाचा र आहे. कट नाही, कबूल. पण कट नसला तरी किंमत कुणी मोजली हे विचारायचंच नाही का?

कॉम्प्युटर वाढला अमेरिकेत. १९६३ साली तिथे आस्की नावाची अक्षरांची यादी ठरली. तिच्यात १२८ जागा. १२८ खोल्यांची चाळ समजा. इंग्रजीची मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राच्या स्वतःच्या खाणाखुणा, एवढ्यात चाळ भरली. फ्रेंच ई वरची तिरकी रेघ, जर्मनांची दोन टिंबं, स्पॅनिश न वरची लाट, यांना खोली नाही. मग वर आणखी १२८ खोल्यांचा मजला चढला आणि युरोपातली ही टोपीवाली अक्षरं तिथे राहायला आली. आजही विंडोजमध्ये आल्ट दाबून धरायचा आणि नंबर पॅडवर ०२३३ मारायचं, की तो तिरक्या रेघेचा ई येतो. इंग्रजी मशीनला तो स्पेशल. पण फ्रान्समधल्या की-बोर्डवर त्या ई ला स्वतःची कळ आहे. तिथे उलट आकडा लिहायला शिफ्ट दाबावी लागते, ई ला नाही. म्हणजे स्पेशल कोण, हे अक्षर ठरवत नाही. की-बोर्ड कुणाचा आहे, त्यावर ते ठरतं.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही, हे मला धक्क्यावरच कळलं. एका जहाजावरच्या स्पॅनिश बोलणाऱ्या खलाशाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं: ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. न वरची लाट पुसली की ‘आनो’, म्हणजे ढुंगणाचं भोक. नववर्षाच्या शुभेच्छा अशा मशीनवर लिहून पाठवा आणि बघा काय उत्तर येतं. आम्ही दोघं कॉइलला टेकून पोट धरून हसलो. त्याचीही एक रेघ पडत होती, माझीही.

आणि मराठी? मराठी त्या वरच्या मजल्यावर पोटभाडेकरू म्हणून शिरली. जुने डीटीपीचे फाँट असेच असायचे. फ्रेंच ई च्या नाहीतर जर्मन यू च्या खोलीत आपल्या अक्षरांचे तुकडे चित्रासारखे बसवलेले. फाँट आहे तोवर मराठी दिसायची. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की मूळ मालक दारात हजर. नुसत्या टोप्या, टिंबं, तिरक्या रेघा. शिवाय प्रत्येक कंपनीची खोल्यांची वाटणी वेगळी, त्यामुळे एकीचं मराठी दुसरीला वाचता यायचं नाही. आमचा डीटीपीवाला अजून अशाच एका फाँटात राहतो. खूप दुकानं राहतात.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला स्वतःचा १२८ जागांचा पट्टा मिळाला. आराखडा १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेला. मालकीची चाळ झाली म्हणा. त्यात ऱ ला खोली आहे, क्रमांक ०९३१. पण शेजारचा शेरा वाचा. हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहून दाखवण्यासाठी, आणि याचं अर्धं रूप म्हणजे पापणीचा र. म्हणजे स्वतःच्या चाळीतही कष्टकऱ्यांचा ऱ दुसऱ्याच्या रेशनकार्डावर. ‘ॲ’ला स्वतंत्र खोली मिळायला २००८ साल उजाडलं.

माझी कविता नेमकी कुठे फुटली तेही शोधून काढलं. पापणीचा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, सरळ ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह, मग य. त्या चिन्हाचं नाव झिरो विड्थ जॉइनर, शून्य रुंदीचा जोडणारा. तो कागदावर जागा घेत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण अक्षरं कशी जुळायची ते तोच सांगतो. माझ्या मोबाइलने दुसरा प्रकार वापरला होता. कन्व्हर्टरला हा न दिसणारा गडी बिनकामाचा वाटला, त्याने काढून टाकला. उरले र, हलन्त आणि य. त्यांचा रफारच होतो. आम्ही कंत्राटी माणसं जहाज आणि धक्का यांच्यामध्ये असेच असतो. हजेरीवर नाव नसतं, काढून टाकल्यावर कळतं.

हसून झालं असेल तर आता न हसण्याची गोष्ट.

आमच्या टोळीतल्या एका पोराचा हात स्लिंग आणि कॉइलच्या मध्ये सापडला. दोन बोटं चेचली. औषधपाण्याचा खर्च मिळावा म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला. मजकूर मी सांगितला, नाक्यावरच्या एका दुकानात टाईप झाला. सुरुवात होती ‘कंत्राटी कर्मचाऱ्यांना’ अशी. कागदावर आलं ‘कर्मचार्यांना’. हा शब्द जरा नीट बघा. त्यात दोन्ही र आहेत. ‘कर्म’ला रफार, ‘चाऱ्यां’ला पापणी. मशीनने कर्म शाबूत ठेवलं आणि कर्मचारी मोडले.

टेबलामागच्या माणसाने पहिलीच ओळ वाचली, लाल पेनाने त्या शब्दाभोवती गोल काढला आणि अर्ज परत सरकवला. म्हणाला, “आधी शुद्ध लिहायला शिका, मग मागण्या करा.” आम्ही आठ जण उभे. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. कारण आम्हाला वाटलं, चूक आमचीच असणार. आमचीच असते ना नेहमी. दुसरा अर्ज करून आणेपर्यंत पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत पोराच्या आईने कानातलं गहाण टाकलं.

त्या माणसाला निमित्तच हवं होतं, हे मला कळतं. बिनचूक अर्ज नेला असता तर त्याने दुसरं काही काढलं असतं. पण हे निमित्त आम्ही स्वतः टाईप करून, प्रिंट काढून, दहा रुपये देऊन त्याच्या हातात दिलं. तो सल जात नाही.

माझा मुद्दा इथे आहे. नावाजलेल्या लेखकाच्या पुस्तकात ‘दर्या’ छापला गेला तर त्याला मुद्रणदोष म्हणतात. माझ्या कवितेत छापला गेला तर अशुद्ध म्हणतात. मशीन एकच, चूक एकच, शिक्का वेगळा. त्याच्या चुकीला छापखाना जबाबदार, माझ्या चुकीला माझा जन्म.

आता आपल्यातलाच एखादा बाह्या सरसावून म्हणेल, शुद्ध-अशुद्ध ही त्यांची भानगड, आपण ती कधीच लाथाडली. बरोबर. मीही लाथाडलीय. मी ‘पानी’ लिहीन, ‘न्हाई’ लिहीन, ‘व्हतं’ लिहीन. माझ्या आजीच्या तोंडात ण नव्हता तर माझ्या कवितेत तो कशाला? पण ‘पानी’ मी लिहिलंय. ‘दर्या’ मी लिहिलेला नाही. कुठल्याही वस्तीत, कुठल्याही बोलीत माझी आजी दर्या उतरत नव्हती. ‘पानी’ हे माझं बंड आहे, ‘दर्या’ ही मशीनची मुजोरी आहे. आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, सगळा घोळ तिथे आहे. मशीनच्या चुका माझ्या अक्षरांत मिसळत राहिल्या तर मी जाणूनबुजून केलेली मोडतोडही चूकच धरली जाणार. भाषा मोडायची तर आधी तिच्या सगळ्या कळा आपल्या हातात पाहिजेत. अर्ध्या कळा दुसऱ्याच्या हातात ठेवून केलेलं बंड प्रूफ तपासताना खोडलं जातं.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हार-तुरे झाले, पेढे वाटले. मला पेढ्याचं वावडं नाही. पण दर्जा मिळाल्याने कुणाच्या फाइलीतला तुटलेला ऱ्या जुळून येत नाही. भाषेला सिंहासनावर बसवणाऱ्यांना विचारा, तुमच्या आमंत्रणपत्रिकेत ‘मान्यवरांच्या’ नीट छापलं, ‘सफाई कर्मचाऱ्यांच्या’ कसं छापलंत ते दाखवा.

आणि बोट तुमच्याकडेही आहे, शहरातल्या शिकलेल्या दोस्तांनो. तुम्ही व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी मारता. डी ए आर वाय ए. सांगा आता, दऱ्या की दर्या? तुम्ही म्हणता, चालतंय रे, समजतंय ना. कुणाला समजतं? ज्याला आधीच माहीत आहे त्याला. ज्याला माहीत नाही, ज्याच्यासाठी आपण लिहितो म्हणतो, तो तिथेच अडखळून पडतो.

फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. नावातच पापणी आहे. ते नाव ‘शेतकर्याचा’ असं टाईप केलेलं मी स्क्रीनवर बघितलंय. आणि जिथे ते बरोबर दिसतं तिथेही दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं, एक ऱ वाला, एक त्या अदृश्य गड्यावाला. डोळ्याला जुळी भावंडं, मशीनला परकी माणसं. एक प्रकार टाकून साधा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. आपल्या जुन्या अंकांचं तर बोलूच नका. त्यांच्या फाइली अजून भाड्याच्या खोल्यांत पडल्यात. उद्या कुणी पोरगी आपलं लिखाण शोधायला बसेल आणि मशीन सांगेल, काही आढळलं नाही. मग लोक म्हणतील, यांनी लिहिलंच नव्हतं.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी लघुअनियतकालिकवाली पोरं सायक्लोस्टाइलवर अंक काढायची. स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने हातानेही लिहिता यायचं. हाताला कुठलंच अक्षर स्पेशल नसतं. जेवढा जोर ‘आर्य’ला, तेवढाच ‘भाकऱ्या’ला. पण मागे चला असं मी म्हणत नाही. हूक हातात कसा धरायचा हे मी चार दिवसांत शिकलो, नाहीतर पाचव्या दिवशी तो मांडीत गेला असता. की-बोर्डही हत्यारच आहे.

तर घ्या शिकून. इन्स्क्रिप्ट नावाचा की-बोर्ड १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला. विंडोजमध्ये तो असतोच, पैसे पडत नाहीत. त्यात जे म्हणजे र. शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ. मग डी, हा हलन्त. मग प्रश्नचिन्हाची कळ, पण शिफ्ट न दाबता, हा य. मग ई, हा काना. झाला ऱ्या. ‘गऱ्हाणं’मधला ह हवा तर य च्या जागी यू. ळ हवा तर शिफ्ट आणि एन. इन्स्क्रिप्ट जमत नसेल तर वर्डमध्ये किंवा फुकटच्या लिबर ऑफिसमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहा आणि लगेच आल्ट धरून एक्स दाबा. ऱ उभा राहतो. ०९७२ ने ॲ. दोन संध्याकाळी लागतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्यात फक्त एका शिफ्टचा फरक आहे. आम्हाला शिफ्ट नवी नाही. पहिली, दुसरी, रातपाळी, सगळ्या काढल्यात.

संपादक दोस्तांना सांगणं एवढंच. पुढच्या अंकापासून ज्याने त्याने आपला मजकूर युनिकोडमध्ये स्वतः टाईप करावा. ज्याला येत नाही त्याला शेजारच्याने बसवून शिकवावं, टाईप करून देऊ नये. कन्व्हर्टरमधून आलेलं प्रूफ लिहिणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय छापायला सोडू नये. कान लगेच सांगतो, इथे दऱ्या होत्या. जुने अंक थोडे थोडे करून आपणच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. आणि माझी कविता पुन्हा छापावी. चूकभूल म्हणून कोपऱ्यात दोन ओळी नकोत, पूर्ण कविता पाहिजे. म्हातारी अजून समुद्रात उभी आहे, डोक्यावर हंडा घेऊन. तिला तिच्या दऱ्यांत परत पोचवायचं आहे.

त्या टेबलावर आता पुन्हा एक अर्ज जाणार आहे. या वेळी मी स्वतः टाईप करतोय, रातपाळीनंतर, एका बोटाने, सावकाश. लाल पेनाला जागा ठेवणार नाही. एवढं करूनही परत आला तर चूक कुणाची ते आठही जणांना ठाऊक असेल, आणि त्या दिवशी आम्ही गप्प उभे राहणार नाही. गऱ्हाण्याला जी कळ लागते तीच कुऱ्हाडीलाही लागते.